निरोप सांगणारे मेजरसाहेब

आमच्या मेजरसाहेबांना कुजबुजता येत नसे. कोणाला बाजूला घेऊन त्यांनी खासगीत चार शब्द सुनावले, की ते स्वयंपाकघरापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना कळत. छावणीतल्या पोरांनी त्यांच्या कानगोष्टींना 'रेडिओ' असं नाव ठेवलं होतं. साहेबांना ते ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. "लहानपणी घशाला जी सवय लागली ती लागली," ते म्हणत. "मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही तर मास्तर वेताच्या छडीनं पोटऱ्या फोडायचा."

छावणी तेल अविवपासून फार लांब नव्हती. आजूबाजूला संत्र्यांच्या बागा होत्या आणि मध्ये तंबू, लाकडी बराकी आणि निलगिरीची झाडं. नव्या भरतीच्या पोरांना तिथं शिकवत. इथल्या कायद्यानं मुलींनाही फौजेत जावं लागतं, तशी मी गेले. मुंबईहून आईवडिलांबरोबर बोटीनं येऊन मला काही वर्षं झाली होती. हिब्रू तोंडात बसली होती आणि मराठी अजून गेली नव्हती. एवढ्या एका गुणावर माझी नेमणूक साहेबांच्या कचेरीत झाली.

पहिल्या दिवशी मी कडक सलाम ठोकून उभी राहिले. साहेबांनी माझ्या हातात एक कागद दिला आणि मला मैदानाच्या पार टोकाला पाठवलं. "तिथून वाच." मी वाचलं. तो जेवणघरातला त्या दिवसाचा बेत होता. वांगी, पाव, उकडलेली अंडी, पुन्हा वांगी. दोनशे पोरं कवायत थांबवून माझ्याकडे बघायला लागली, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून साहेबांचा आवाज आला, "अंडी ऐकू आली नाहीत, बाय! परत!" त्या दिवशी मी घरी जाऊन आईला म्हणाले, की माझा साहेब वेडा आहे. आई म्हणाली, आपला माणूस आहे ना, मग असू दे वेडा.

आपला म्हणजे बेने इस्राएल, कोकणातल्या मुळाचा मराठी बोलणारा यहुदी. साहेब इंग्रजांच्या फौजेत होते, दुसऱ्या महायुद्धात कमिशन मिळून अधिकारी झाले, ब्रह्मदेशात जाऊन आले आणि हे राज्य झाल्यावर पहिल्या काही बोटींपैकी एकीनं इकडे येऊन पुन्हा फौजेतच शिरले. त्याही आधी, अगदी लहानपणी, ते एका नाटक कंपनीत होते. एकदोन मुक्या सिनेमांतही त्यांनी काम केलं होतं म्हणे. आमच्या लोकांत हे सगळ्यांना माहीत होतं. पण काय काम करायचात असं कोणी विचारलं, की साहेब म्हणत, "मी पोर होतो. जे सांगितलं ते केलं." आणि विषय तिथंच संपायचा. तेराव्या वर्षी आवाज फुटला, कंपनीनं घरी पाठवलं आणि दाढी येण्याआधीच ते एका पलटणीच्या बँडमध्ये दाखल झाले. "नाटकात रोज दुसऱ्याचे कपडे घालावे लागतात," ते एकदा मला म्हणाले. "फौजेत एकच पोशाख, आणि तो आपला. म्हणून राहिलो."

कंपनीबरोबर गावोगाव फिरण्यात त्यांची शाळा बुडाली होती. इतर पोरं मशिदीत (आमची जुनी माणसं प्रार्थनालयाला मशीदच म्हणत) हिब्रू अक्षरं गिरवत बसायची, तेव्हा हे कुठल्या तरी तालुक्याच्या गावी पाठांतर करत असायचे. त्यामुळे हिब्रू बोलायला ते झटकन शिकले, पण अक्षरं काही केल्या त्यांच्या डोळ्यांत बसेनात. इंग्रजी आणि मराठी मात्र सुरेख वाचत. मग वरून आलेला हुकूम मी मोठ्यानं वाचायचा आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचा. दोनदा वाचला की त्यांना पाठ, तिसऱ्यांदा वाचला तर चिडत. वर्षभरापूर्वीचा हुकूमही ते स्वल्पविरामासकट म्हणून दाखवत. परेडच्या वेळी त्यांच्या मागे उभं राहून, अडलंच तर पुढचा शब्द पुरवायचा हेही माझंच काम होतं. थोडक्यात, इस्राएलच्या फौजेत मी दोन वर्षं काढली ती नाटकातल्या प्रॉम्प्टरची.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात पोलंडचे, रुमानियाचे लोक काट्याचमच्यानं काकडी कापत बसलेले असत, आणि साहेब खुशाल बशीत चहा ओतून फुरका मारत. खोट्या दुखण्याचं निमित्त काढून कोणी समोर आला की ते रागावत नसत. "रंग पुसून ये," एवढंच म्हणत. हिब्रूत या शब्दांना काही अर्थ नव्हता, पण पोरांना तो बरोबर कळायचा. मलाही त्यांनी एकदा हेच सुनावलं. घरी वडिलांची नोकरी सुटली होती आणि मी कचेरीत हसतमुखानं वावरत होते. "रंग पुसून ये, बाय. रडायचं असेल तर मागच्या खोलीत रड, मी हुकूम नंतर ऐकतो." मी गेले आणि रडले. बरं वाटलं.

सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे त्यांचं सरबत. लढाईच्या सरावात काही पोरांना 'तुम्ही मेलात' असं सांगून जमिनीवर पडून राहायला लावतात, ही सगळीकडची पद्धत. आमच्या छावणीत ती चालत नसे. ज्याला मेलेला ठरवलं त्यानं उठायचं, झाडाखाली जायचं, बूट सैल करायचे आणि लिंबाचं सरबत प्यायचं, असा साहेबांचा हुकूम होता. वरून पाहणीला आलेला एक कर्नल म्हणाला, "मेजर, ही लढाई आहे की सहल?" साहेबांनी जागच्या जागी उत्तर दिलं आणि ते अर्थात सगळ्या मैदानानं ऐकलं. "मेल्याचं सोंग माझ्या मैदानावर कोणी करणार नाही." कर्नलनं खांदे उडवले. पोरांची मात्र चैन झाली. जो तो पहिल्या दहा मिनिटांत मरायला बघायचा.

आणि पुरीमचा सण. जुन्या लोकांच्या तोंडी तो होळीचा सण. त्या दिवशी छावणीत सोंगं निघत, राजाराणीचं नाटक होई. साहेब जुने नट, तेव्हा राजा त्यांनीच व्हावं म्हणून पोरं मागे लागली. स्वयंपाकघरानं पुठ्ठ्याचा मुकुटही करून ठेवला. साहेबांनी मुकुट हातात घेऊन पाहिला, कारागिरीची तारीफ केली, परत दिला, आणि त्या संध्याकाळी फाटकावरच्या शिपायाला नाटक बघायला पाठवून स्वतः त्याची बंदूक घेऊन पहाऱ्यावर उभे राहिले. एका मेजरनं फाटकावर पहारा दिल्याचं मी तरी दुसरीकडे कुठं ऐकलं नाही.

आता ज्या कामासाठी मला ते आठवतात त्याकडे येते.

त्या वर्षांत हद्दीवर सतत काही ना काही होई. आमच्या छावणीत शिकून पुढं गेलेला एखादा पोरगा मारला गेला आणि त्याचं घर जवळपास असलं, तर निरोप सांगायला साहेब स्वतः जात. बाईमाणूस बरोबर असावं म्हणून मी जाई. जाण्याआधी ते कचेरीचं दार लावून घेत आणि मला हिब्रू वाक्य वाचायला लावत. दोनच वाक्यं होती. एकात नाव आणि तो मेला हे, दुसऱ्यात दफन कधी ते. मी वाचताना माझा आवाज कापला की ते थांबवत. "सूर काढून टाक. दुःख त्यांचं आहे, आपण त्यात आपली भर घालायची नाही. आपण रडवेला चेहरा केला की त्यांना आधी आपली समजूत घालावी लागते." मग ते स्वतः म्हणत, पुन्हा पुन्हा, वाक्य कोरडं ठक्क होईपर्यंत. मला तेव्हा तो निव्वळ दगडपणा वाटे. पण दार उघडणाऱ्या आईबापांना मी त्यांच्या पहिल्या वाक्यानंतर कधी "काय? काय म्हणालात?" असं विचारताना पाहिलं नाही.

मोशू आमच्याच छावणीत शिकलेला. त्याला डावा पाय कुठला आणि उजवा कुठला हे शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण पोरगा हसरा, लाघवी. आईनं केलेल्या करंज्या डब्यात घालून आणायचा आणि आधी साहेबांपुढं ठेवायचा. "साहेब, आयेनं सांगितलं, पहिली तुमाला." साहेब करंजी खात आणि त्याला कवायतीतल्या चुकांबद्दल तिथंच उभं करून झापत. शिकणं संपवून तो दक्षिणेत हद्दीवर गेला. बहिणीच्या लग्नासाठी त्याची सुट्टी मंजूर झाली होती. लग्नाच्या दिवशी सकाळच्या बसनं तो घरी यायचा होता. आदल्या दिवशी सकाळी त्याची गस्तीची गाडी सुरुंगावर गेली.

दुपारी फोन आला. साहेबांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि दार लावलं. सवयीनं मी हिब्रू वाक्य वाचायला घेतलं, तर ते म्हणाले, "हे नको. त्याच्या आईला, हन्नाबाईला, हिब्रू येत नाही. मराठीत सांग बघू."

मला सांगता येईना. ते हिब्रू वाक्य मराठीत केलं की सरकारी नोटीस होई. 'वारला' म्हणावं तर तो म्हाताऱ्या माणसाचा शब्द. 'गेला' म्हणावं तर ती विचारणार कुठं गेला. साहेबांनी जीपमध्ये बसल्यावर दोनतीनदा ओठ हलवले आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले. एवढी भाषणं पाठ असलेला तो माणूस आपल्या आईच्या भाषेत एक वाक्य जुळवू शकत नव्हता. मला त्यांची कीव आली आणि भीतीही वाटली.

पेताह तिक्वाच्या कडेला, बागांच्या पलीकडे, नव्यानं आलेल्या लोकांची पत्र्याच्या आणि लाकडी घरांची वस्ती होती. हन्नाबाई तिथं राहत. नवरा कोकणातच वारलेला. थोरल्या मुली लग्न होऊन तिकडेच राहिलेल्या. इथं त्यांची धाकटी रिबका, शेंडेफळ मोशू आणि भाऊ एलिजा, ज्यांना सगळी वस्ती मामा म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. घरातून बायकांची गाणी ऐकू येत होती. रिबकाची मेंदी होती.

मामांनी जीप पाहिली आणि ते धावतच बाहेर आले. फौजेची गाडी आणि तिच्यात बाईमाणूस म्हणजे काय, हे तेव्हा या देशात कोणाला सांगावं लागत नसे. त्यांनी कुंपणाची काठी घट्ट धरली. "मोशू?"

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

मामा मटकन खाली बसले आणि लगेच उठलेही. तोंडावरून उपरणं फिरवलं आणि हलक्या आवाजात भराभरा बोलायला लागले. "साहेब, पाया पडतो तुमच्या. आज बोलू नका. उद्या दुपारी लगीन हाय. उद्या सांजेला मी सांगतो हन्नाला, माझ्या तोंडानं सांगतो."

"मामा, मूठमाती उद्या सकाळी दहाला आहे," मी म्हणाले.

"मी जाईन की. कदिशची प्रार्थना मी म्हणीन. आपल्यात बायका कुठं जातात कबरस्तानात? ही बाप नसलेली पोर. चार ठिकाणी फिरून ही सोयरीक जमली. आज कळलं तर लगीन मोडलं समजा. नवऱ्याची आये काय बोलेल? पांढऱ्या पायाची बोलेल तिला. गेला तो गेला, साहेब. ही तरी उभी राहू दे." मग त्यांनी साहेबांचा हात धरला. "तुमी तर नट माणूस. घटकाभर हसून दाखवायचं. तुमाला काय जड हाय?"

साहेब बोलूच शकत नव्हते, कारण तोंड उघडलं असतं तर घरात ऐकू गेलं असतं. त्यांनी नुसता मामांच्या खांद्यावर हात ठेवला. मामांना तो होकार वाटला. खरं सांगायचं तर मलाही वाटला, आणि मनातून हायसंही वाटलं. रिबका माझ्याच वयाची होती.

मामा पुढं झाले आणि दारातूनच ओरडले, "हन्ना, बघ कोण आलं मेंदीला! मोशूचे मेजरसाहेब! अगं, तोच नाटकातला राजपुत्र!"

खोलीत पाटावर रिबका बसली होती, हातात हिरवा चुडा, पावलांपर्यंत मेंदी. भोवती शेजारच्या बायका. कोपऱ्यात मलिद्याची तयारी झाकून ठेवलेली. भिजवायचे पोहे, नारळ, फळं. मोशू आला की एलियाहू हन्नाबीच्या, आमच्या नवसाला पावणाऱ्या संदेष्ट्याच्या, नावानं मलिदा करायचा होता. हन्नाबाईंच्याही दोन्ही तळव्यांवर ओली मेंदी होती. हात अंगापासून लांब धरून त्या लगबगीनं पुढं आल्या. ठेंगणी, ठसठशीत बाई, आणि चेहरा आनंदानं फुललेला.

"मोशूनं धाडलं तुमाला? उद्या येतो ना बसनं?" आणि मग त्या एकदम थांबल्या, साहेबांच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागल्या. "अरे देवा. तू तो? खरंच तू तो?"

साहेब उंबऱ्याशीच उभे राहिले.

"मेजर असशील तू तुझ्या छावणीत," हन्नाबाई हसून म्हणाल्या, "मी तुला एवढासा बघितलाय. मी नवी नवरी होती तेवा. ह्यांनी मला मुंबैला नेली नाटक दाखवायला. राजाचा पोर होतास तू. सावत्र आये दुधातून विष देते तुला, आणि तू तिलाच आये आये करत मरतोस. अगं बाय, काय मेलास तू! मी एवढी रडली, एवढी रडली, की ह्यांनी मला धरून बाहेर काढली. आणि दारापाशी आलो तर मागं टाळ्या. मी वळून बघते, तर तू उठून उभा, गळ्यात हार, आणि लोकांना सलाम करतोस! मी रडता रडता हसायला लागली. तिथंच नवस बोलली मी एलियाहू हन्नाबीला. मला असाच पोर दे. उशीर केला त्यानं, चार पोरी दिल्या आधी, पण दिला. माझा मोशू तुझ्यावरनं मागितलेला हाय, आयकलंस?"

बायका हसल्या. रिबकाही पाटावरून हसली. मामा मागून घाईघाईनं म्हणाले, "बसा साहेब, काही तोंडात घाला." मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी एक अवाक्षर बोलायची गरज नव्हती. एक करंजी खायची, रिबकाला आशीर्वाद द्यायचा आणि निघायचं. सगळं घर त्यांना सांभाळून घ्यायला तयार होतं.

साहेबांनी टोपी सरळ केली. "आई," ते म्हणाले. आजवर साहेब त्यांचा उल्लेख हन्नाबाई असाच करत. "ते नाटक होतं. मी उठायचो. मोशू उठणार नाही."

त्यांचा आवाज तो तसलाच. वस्तीत पार पलीकडच्या घरापर्यंत गेला असेल. बायकांचं हसणं थांबलं.

"आज सकाळी तो मेला. उद्या दहा वाजता मूठमाती आहे. तुम्ही याल तर मी गाडी पाठवतो."

हन्नाबाई ओरडल्या नाहीत. मेंदीनं भरलेले हात त्यांनी तसेच पुढं धरले होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. रिबका पाटावरून उठून आईकडे आली, ओल्या पावलांची मेंदी जमिनीवर उमटत गेली. शेजारणी तोंडात पदर घालून रडायला लागल्या. मग हन्नाबाई म्हणाल्या, "येईन."

बाहेर मामांनी साहेबांची कॉलर धरली. "एक दिवस! एक दिवस थांबला असतास तर आभाळ कोसळलं असतं? नट बोलतात तुला! थू!" साहेबांनी ती सोडवून घेतली नाही. मामांनीच दमून हात खाली सोडले.

आम्ही जीपमध्ये बसून निघालो. मला त्या दिवशी मामांचंच पटलं होतं, आणि आज म्हातारपणीही अर्धंअधिक पटतं. शेवटी मीच न राहवून विचारलं, "साहेब, रिबकाचं काय?"

"रिबकाचं लग्न महिन्यानं होईल," ते म्हणाले. "मोशूची मूठमाती महिन्यानं होणार नाही. आज मी हसून दाखवलं असतं, आणि उद्या तिला कळलं असतं की पोराला पुरत होते तेव्हा आपण फुलं माळत होतो. तिनं जन्मभर माझा हसरा चेहरा आठवला असता."

हन्नाबाई सकाळी कबरस्तानात आल्या. मुलाला बंद पेटीतून आणला होता. पेटी उघडू नये असं इस्पितळातून सांगणं होतं आणि कोणी उघडली नाही. मूठभर माती टाकून त्या बाजूला झाल्या. रडल्या नाहीत. घरी येऊन चटईवर बसल्या आणि आमचे सुतकाचे सात दिवस सुरू झाले.

साहेब रोज संध्याकाळी गेले. मीही जाई. जीप लांब उभी करून ते चालत येत, दाराशी बूट काढत आणि पुरुषांच्या मागे जमिनीवर बसत. मामा त्यांच्याकडे पाहत नसत, आणि पुढं कित्येक वर्षं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नवरामुलगा आला. त्याच्या आईनं कुरकुर केली होती म्हणे, पण तो मामांच्या शेजारी येऊन बसला आणि रोज येत राहिला. महिन्यानंतर लग्न झालं. वाजंत्री नव्हती, बाकी सगळं झालं.

हन्नाबाई मात्र तशाच कोरड्या होत्या. पुढ्यात ठेवलं तर दोन घास खायच्या, विचारलं तर हो-नाही म्हणायच्या. शेजारणींना काळजी वाटायला लागली. हिला रडवा, नाहीतर हिच्या डोक्यावर परिणाम होईल, असं त्या माझ्यापाशी म्हणाल्या. रडवायचं म्हणजे काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी प्रार्थना संपली. माणसं उठायच्या बेतात होती. हन्नाबाई एकाएकी साहेबांकडे वळल्या.

"तू रोज मरायचास. तुझी आये कुठं बसायची?"

आईबद्दल साहेब माझ्यासमोर कधी एक शब्द बोलले नव्हते. आता ते म्हणाले, "कंपनीत कपडे शिवायला होती. माझं मरण आलं की विंगेत भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पडदा पडला की मला सलामाला जायचं असायचं, मालक ओरडायचा. पण ती आधी मला धरायची. माझी पावलं चाचपायची. गरम आहेत असं कळलं की मग सोडायची."

"पर्तेक खेळाला?"

"प्रत्येक."

हन्नाबाईंनी मान हलवली. हे त्यांना अगदी पटलं होतं. मग त्या म्हणाल्या, "माझ्या मोशूची पावलं कोणी चाचपली?"

मामांनी हातातलं प्रार्थनेचं पुस्तक खाली ठेवलं. मी जमिनीकडे पाहत होते. त्या दिवशी सकाळपासून जीपमध्ये बसेपर्यंत साहेब माझ्या नजरेसमोर होते. आम्ही आधी कचेरीत होतो, मग मैदानावर, मग पुन्हा कचेरीत. मोशू छावणी सोडून गेला तेव्हा त्यांनी त्याला शेवटचा जिवंत पाहिला, आणि नंतर पाहिली ती पेटी.

"मी," साहेब म्हणाले.

"तू?"

"त्याला इस्पितळात आणला तेव्हा मी होतो. त्याचे बूट मी काढले. पावलं गरम होती, आई. गार होईपर्यंत मी ती धरून बसलो होतो."

ते कुठंही अडखळले नाहीत. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी मान वर करून मामांकडे पाहिलं. मामांचे डोळे माझ्यावर होते आणि त्यांना माझ्या तोंडावरून सगळं कळलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"दोन्ही हातांनी?" हन्नाबाईंनी विचारलं.

"दोन्ही हातांनी."

"आण इकडे."

साहेब गुडघ्यांवर पुढं सरकले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. हन्नाबाईंनी ते धरले, तळवे उलटेपालटे करून पाहिले, मग आपल्या गालांवर लावले आणि मोठ्यानं रडायला लागल्या. त्या कितीतरी वेळ रडत होत्या, आणि साहेबांनी हात काढून घेतले नाहीत.